दुसरें बाळंतपण कसें व्हावें?

संसारांतील कांहीं प्रश्न असे असतात कीं, त्यांवर घरांतील प्रत्येकाला मत असतें. आणि ज्याचा देह पणाला लागावयाचा त्याचें मत मात्र सर्वांच्या शेवटीं विचारलें जातें. पहिलें मूल सिझेरियनच्या शस्त्रक्रियेनें झालेल्या सुनेला पुन्हां दिवस राहिले म्हणजे आमच्या एकत्र कुटुंबांतून जो वाद सुरू होतो, तो याच जातीचा. आजेसासूबाई म्हणतात, "आम्हांला सात-सात झालीं; कुणाचें पोट फाडावें लागलें?" मामंजी म्हणतात, "एकदां टांके पडले, आतां दुसरी वाट नाहीं. तारीख घेऊन मोकळे व्हा." माहेरचीं माणसें एक सांगतात, शेजारच्या काकू दुसरें सांगतात, आणि सूनबाई दोन्ही हात पोटावर ठेवून मुकाट्यानें ऐकत बसते. या महिन्यांत या विषयावरच चार शब्द लिहावे असें योजिलें आहे.

हा प्रश्न आतां अपवादाचा राहिलेला नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतांत दर शंभर बाळंतपणांपैकीं २१ ते २२ शस्त्रक्रियेनें झालीं. खासगी रुग्णालयांपुरता हाच आंकडा ४७ वर जातो. महाराष्ट्रांत हें प्रमाण शेंकडा २५ च्या वर आहे. २०१५-१६ च्या पाहणींत तें सुमारें २० होतें. म्हणजे आज ज्या घरांत एक नातवंड खेळत आहे, अशा चार घरांपैकीं निदान एकांत तरी दुसऱ्या खेपेस हा वाद उभा राहणारच. आमचें पुनावळें पाहावें. पवनेच्या कांठचीं शेतें गेलीं आणि तेथें बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. हिंजवडीच्या कचेऱ्यांत आणि चाकणच्या कारखान्यांत कामाला जाणारीं तरुण जोडपीं तेथें राहावयास आलीं. बाळंतपणासाठीं त्यांच्याकडे कोणाच्या सासूबाई लातुराहून येतात, कोणाची आई नागपुराहून येते. आणि प्रत्येकीच्या पिशवींत डिंकाच्या लाडवांबरोबर तिच्या काळचे नियमहि येतात.

दोन्ही पक्षांचे नियम जुने आहेत, म्हणून ते आले कोठून तें आधीं पाहूं.

सिझेरियन हा शब्द रोमच्या ज्यूलियस सीझरवरून आला अशी समजूत आहे. परंतु त्याची माता पुत्र मोठा होईपर्यंत हयात होती, आणि त्या काळीं अशी शस्त्रक्रिया होऊन माता वांचणें जवळजवळ अशक्य होतें. लॅटिन भाषेंतील 'कापणें' या अर्थाच्या धातूशीं या शब्दाचा संबंध जोडतात, तो अधिक सयुक्तिक दिसतो. आमच्या सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत, मूढगर्भाच्या आठव्या अध्यायांत, माता मृत झाली असून तिच्या कुशींत स्पंदन जाणवत असेल तर वैद्यानें तत्काळ पोट छेदून बालकास बाहेर काढावें असें विधान आहे. रोमन रीति आणि आपली रीति यांत एक गोष्ट समान दिसते: शस्त्र मातेच्या मृत्यूनंतरच चालावयाचें. जिच्या पोटावर शस्त्र चाललें ती स्त्री घरीं येऊन पुढच्या खेपेचा विचार करूं लागली, ही गोष्ट अवघ्या दीडशें वर्षांतली आहे.

१८८२ सालीं लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनीं, कापलेलें गर्भाशय काळजीपूर्वक शिवून मगच पोट मिटावें, अशी पद्धति घालून दिली. तोंवर गर्भाशय बहुधा न शिवतांच सोडीत आणि स्त्रिया रक्तस्रावानें वा पूतिज्वरानें दगावत. त्याच दशकांत, १८८६ सालीं, आमच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रीवैद्यक महाविद्यालयांतून पदवीधर झाल्या. आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. चौदाव्या वर्षीं झालेलें त्यांचें मूल अवघे दहा दिवस जगलें होतें, हें ध्यानीं घेतलें म्हणजे त्यांनीं हा विषय कां निवडला असेल हें वाचकांस वेगळें सांगावयास नको.

आतां मामंजींच्या नियमाकडे वळूं. एकदां सिझेरियन झालें कीं पुढें सदैव सिझेरियनच, हें सूत्र न्यू यॉर्कचे डॉ. एडविन क्रेगिन यांच्या १९१६ सालच्या लेखांतलें. त्या काळीं गर्भाशयाला छेद देत तो वरच्या, जाड स्नायूच्या भागीं, उभा. हा भाग कळांच्या वेळीं जोरानें आवळतो. त्यामुळें तेथील जुना सांधा पुढच्या बाळंतपणांत उकलण्याची धास्ती मोठी असे, आणि म्हणून तो नियम त्या व्रणापुरता शहाणपणाचा होता. शिवाय क्रेगिनसाहेबांचा मुख्य उपदेश असा होता कीं, पहिली शस्त्रक्रियाच विचारपूर्वक करावी, कारण तिचें ओझें पुढील सर्व बाळंतपणांवर पडतें. उपदेश विसरला गेला आणि सूत्र तेवढें पाठ झालें. पाठांतराच्या विद्येंत असें पुष्कळदां घडतें. पुढें १९२० नंतर ग्लासगोच्या मन्रो कर यांनीं गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागीं आडवा छेद देण्याची रीति रूढ केली. हा भाग कळांच्या वेळीं आवळण्याऐवजीं ताणला जातो. तेथील व्रण चांगला भरून येतो आणि क्वचितच उकलतो. आज बहुतेक सर्व सिझेरियन याच रीतीनें होतात. व्रण बदलला, नियम मात्र शंभर वर्षें तोच राहिला.

आजेसासूबाईंच्या नियमाचेंहि तसेंच. त्यांना सात झालीं हें खरें. परंतु त्या सातांपैकीं एकहि शस्त्रक्रियेनें झालेलें नव्हतें, म्हणून त्यांचा अनुभव या प्रश्नाला लागूच पडत नाहीं. शिवाय त्यांच्याच पिढींतल्या ज्या स्त्रिया अडल्या आणि गेल्या, त्या आज साक्षीला येऊं शकत नाहींत.

मग आज वैद्यकशास्त्र काय म्हणतें? त्याचा तराजू आपण दोन्ही पारड्यांसह पाहूं.

एका पारड्यांत नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न. 'प्रयत्न' हा शब्द मुद्दाम योजिला आहे, कारण तो सिद्धीस जाईलच असें आधीं कोणीहि सांगूं शकत नाहीं. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेनें २०१५ सालीं दिलेल्या मार्गदर्शनानुसार, पूर्वीं एक सिझेरियन झालेल्या ज्या स्त्रिया योग्य निवड होऊन हा प्रयत्न करितात, त्यांपैकीं शेंकडा ७२ ते ७५ जणींची प्रसूति नैसर्गिक रीतीनें होते; पूर्वीं एखादें मूल नैसर्गिक रीतीनें झालेलें असेल तर शेंकडा ८५ ते ९०. अमेरिकेंतील १९ रुग्णालयांत सुमारें १८ हजार स्त्रियांची पाहणी होऊन २००४ सालीं जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्यांतहि यशाचें प्रमाण शेंकडा ७३ च होतें. प्रयत्न साधला तर बाई लवकर हिंडूंफिरूं लागते, थोरल्या मुलाला उचलूं शकते, आणि तिच्या पोटावर दुसरा व्रण पडत नाहीं. धोका मुख्यतः एक: कळांच्या जोरानें जुना सांधा उकलणें. तो सुमारें २०० जणींत एकीला होतो. आंकडा लहान आहे. परंतु जिला होतो तिच्या बाबतींत थोड्या मिनिटांत शस्त्रक्रिया झाली नाहीं तर बाळ दगावूं शकतें, आणि कधीं कधीं गर्भाशयहि काढावें लागतें. प्रयत्नामुळें बाळ दगावण्याचा संभव दहा हजारांत सुमारें ४ आहे. पहिलटकरणीच्या बाळाला प्रसूतींत असतो साधारण तेवढाच. शिवाय जो प्रयत्न मध्येंच सोडून घाईनें शस्त्रक्रिया करावी लागते, त्यांत ताप, रक्तस्राव वगैरे उपद्रव सर्वांत अधिक होतात. हें न सांगतां नुसत्या यशाचे आंकडे सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल.

दुसऱ्या पारड्यांत आधीं ठरविलेली शस्त्रक्रिया. सांधा उकलण्याचें भय तिच्यांत जवळजवळ उरत नाहीं. बाळ दगावण्याचा संभव दहा हजारांत सुमारें १ असतो. दिवस ठरलेला असतो. आणि मुलें पुरे असतील तर संततिनियमनाची शस्त्रक्रियाहि त्याच वेळीं उरकतां येते. उलट पक्षीं पोटाची ही पुन्हां एक मोठी शस्त्रक्रिया असते. मातेच्या मृत्यूचा संभव दोन्ही बाजूंस फार थोडा. तरी वरील मार्गदर्शनांत तो लाखांत ४ विरुद्ध १३, म्हणजे शस्त्रक्रियेच्या बाजूस अधिक, असा दाखविला आहे. कळा न येतां जन्मलेल्या बाळाला पहिल्या कांहीं तासांत श्वासाचा त्रास होण्याचें प्रमाणहि कांहींसें अधिक असतें. आणि घरांत क्वचितच कोणी बोलतो अशी एक गोष्ट आहे ती वारेची. प्रत्येक शस्त्रक्रियेगणिक पुढच्या गर्भारपणांत वार खालीं, गर्भाशयाच्या तोंडावर बसण्याची, आणि जुन्या व्रणांत मुळासारखी रुतण्याची शक्यता वाढते. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणींत, ज्यांची वार तोंडावर आलेली होती अशा स्त्रियांपैकीं, दुसऱ्या सिझेरियनच्या वेळीं शेंकडा ११, तिसऱ्याच्या वेळीं शेंकडा ४० आणि चौथ्याच्या वेळीं शेंकडा ६१ जणींत ती रुतलेली आढळली. अशा वेळीं रक्त फार जातें. आणि २०१९-२१ च्या पाहणींत आपल्या देशांतील निम्म्याहून अधिक गर्भवती पांडुरोगी आढळलेल्या आहेत. म्हणून दोनच मुलें हवीं असलेल्या घराचें उत्तर आणि तिसऱ्याची आशा धरणाऱ्या घराचें उत्तर एकच असेल असें नाहीं.

दोन्ही पारडीं अशीं जवळ जवळ असतां निर्णय कशावर व्हावा? माझ्या मतें चार प्रश्नांच्या उत्तरांवर. आणि त्यांपैकीं पहिल्याचें उत्तर रुग्णालयांत नसून आपल्याच कपाटांत असतें.

पहिला प्रश्न : पहिला छेद कोठें आणि कसा होता? पोटावरची रेघ आडवी आहे म्हणून आंतील छेदहि आडवाच असेल असें समजूं नये. बाळ फार अपुऱ्या दिवसांचें असलें, आडवें पडलेलें असलें, तर बाहेर आडवी रेघ आणि आंत उभा छेद असें घडूं शकतें. तसें असेल, किंवा पूर्वीं कधीं सांधा उकलला असेल, तर नैसर्गिक प्रसूतीचा विचारच सोडून द्यावा. हें सांगणारी एकमेव विश्वसनीय साक्ष म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद. आमच्या घरांत नातवाची जन्मपत्रिका रेशमी रुमालांत गुंडाळून देवघराच्या पेटींत ठेविलेली असते. परंतु त्याच्या आईचें डिस्चार्ज कार्ड मुलाच्या पहिल्या वाढदिवसापूर्वींच रद्दींत गेलेलें असतें. कार्डावर पुष्कळदां नुसतें 'सिझेरियन झालें' एवढेंच लिहिलेलें असतें, म्हणून शस्त्रक्रियेच्या सविस्तर टिपणीची प्रत मागून घ्यावी. २००२ सालच्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणें दाखल रुग्णांचे कागद डॉक्टरांनीं तीन वर्षें जपून ठेवावयाचे असतात आणि रुग्णानें मागितल्यास ७२ तासांत द्यावयाचे असतात. मुलांत तीन-चार वर्षांचें अंतर ठेवणाऱ्या घरानें, दुसऱ्या खेपेस दिवस राहीपर्यंत थांबलें तर, ती मुदत टळून गेलेली असते. ज्या घरीं नुकतेंच सिझेरियन झालें आहे, त्यांनीं बारशाची यादी करतांना ही टिपणीहि यादींत घालावी.

कित्येक घरांत या कागदाऐवजीं सोनोग्राफीवर भरंवसा ठेवितात आणि टांक्याची जाडी किती मिलिमीटर आली यावरून रडारड होते. ती जाडी ही एक साक्ष आहे. परंतु अमुक मिलिमीटरला होय आणि तमुकला नाहीं, असा सर्वमान्य आंकडा अद्याप ठरलेला नाहीं.

दुसरा प्रश्न : पहिली शस्त्रक्रिया कां झाली? बाळ पायाळू होतें, किंवा त्याचे ठोके मंदावले, अशीं कारणें पुन्हां घडतीलच असें नाहीं. अशा स्त्रियांना यशाची आशा अधिक. कळा पूर्ण येऊनहि बाळ पुढें सरकलें नाहीं, असें असेल तर आशा थोडी उणी. तरीहि अशांपैकीं निम्म्याहून अधिक जणींना यश येतें. कारण आठवणीवर सांगूं नये, कागदावरून वाचून दाखवावें. सासूबाईंच्या आठवणींत तें 'पाणी कमी झालें', माहेरच्या आठवणींत 'नाळ गुंडाळली', आणि नवऱ्याच्या आठवणींत 'डॉक्टरांना घाई होती' असें असतें.

तिसरा प्रश्न : या खेपेस प्रकृति कशी आहे? वार कोठें बसली आहे, बाळ डोक्यावर आहे कीं नाहीं, त्याचें वजन किती वाटतें, आईचें वजन, वय, रक्तदाब आणि साखर काय आहे, हें सर्व पाहावें लागतें. मागील बाळंतपणापासून या बाळंतपणापर्यंत दीड वर्षापेक्षां कमी अंतर असेल तर सांधा उकलण्याचा धोका वाढतो. कळा आपोआप सुरू झाल्या तर उत्तम. औषधानें सुरू केल्या किंवा वाढविल्या तर तो धोका दुपटी-तिपटीनें वाढतो. म्हणून तसें करणें हा अनुभवी डॉक्टरांचाच अधिकार आहे. दिवस भरले म्हणून एरंडेल पाजणाऱ्या किंवा कळा येण्याकरितां काढे उकळणाऱ्या वडील मंडळींनीं या घरांत तरी हात आवरावा.

चौथा प्रश्न : प्रसूति होणार कोठें? पुनावळ्याहून महामार्गाखालच्या अंडरपासांतून संध्याकाळीं पलीकडे जाणाऱ्याला वाहनांच्या त्या कोंडीची पुरती ओळख आहे. अडल्या वेळीं बाळंतिणीला एका प्रसूतिगृहांतून उचलून दुसऱ्या रुग्णालयांत नेऊं, ही कल्पनाच सांधा उकलण्याच्या प्रसंगीं निरर्थक होय. कारण तेथें हिशेब मिनिटांचा असतो. म्हणून विचारावयाचें तें असें : रात्रीं दोन वाजतां या इमारतींत शस्त्रक्रियागृह उघडून देणारी माणसें हजर असतात काय? भूल देणारे डॉक्टर येथेंच असतात कीं घरून यावयाचे असतात? रक्ताची सोय आहे काय? कळा सुरू झाल्यापासून बाळाचे ठोके अखंड पाहण्याचें यंत्र आणि तें वाचणारी परिचारिका आहे काय? सांधा उकलूं लागल्याची खूण पुष्कळदां प्रथम बाळाच्या ठोक्यांतच दिसते. दोन कळांच्या मधल्या वेळींहि न थांबणारी वेदना किंवा रक्त जाणें, या खुणा कधीं मागून येतात, कधीं येतहि नाहींत. म्हणून अशा स्त्रीनें कळा सुरू होतांच रुग्णालय गांठावें. घरीं वाट पाहूं नये.

पिंपरीच्या संत तुकारामनगरांतील महानगरपालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय किंवा औंधचें जिल्हा रुग्णालय, येथें गर्दी आहे, खाटा दाटीच्या आहेत, हें सर्वांस ठाऊक आहे. तथापि २०११ सालीं सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी संस्थांत प्रसूति, सिझेरियनसुद्धां, मोफत व्हावी अशी व्यवस्था आहे. गल्लींतलें स्वच्छ, शांत प्रसूतिगृह आणि मोठें, गजबजलेलें रुग्णालय यांत निवड करतांना वरील चार विचारणा दोन्हीकडे कराव्या, आणि भिंतीच्या रंगापेक्षां त्यांच्या उत्तरांकडे अधिक पाहावें. एखादे डॉक्टर "माझ्याकडे रात्रीं पुरेशीं माणसें नसतात, म्हणून मी हा प्रयत्न करीत नाहीं" असें स्पष्ट सांगत असतील, तर त्यांना पैशाचे लोभी म्हणूं नये. त्यांनीं खरें सांगून आपणांवर उपकारच केला, आणि पुढची वाट शोधण्यास वेळ दिला. मात्र जेथें कागद न वाचतां, काहीं न विचारतां पहिल्याच भेटींत तारीख देतात, तेथें दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घेण्यांत कांहीं उद्धटपणा नाहीं. २०१७ सालीं मुंबईच्या एका मातेनें, रुग्णालयांनीं आपल्या सिझेरियनचें प्रमाण जाहीर करावें अशी मागणी लोकांपुढें ठेविली आणि लाखाहून अधिक लोकांनीं तिच्यावर सह्या केल्या. जी गोष्ट इतक्यांनीं विचारावीशी वाटली, ती आपणहि नम्रपणें विचारावी.

आतां मुहूर्ताविषयीं. संस्कृत शिकविलें असल्यामुळें पंचांग पाहण्याकरितां लोक मजकडे येतात, आणि अलीकडे त्यांत शस्त्रक्रियेचा मुहूर्त विचारणारे अधिक असतात. मध्यंतरीं असेच एक गृहस्थ आले. डॉक्टरांनीं ३९ आठवडे पूर्ण झाल्यावरचा दिवस सांगितला होता. यांना त्याच्या नऊ दिवस आधींचें पुष्य नक्षत्र हवें होतें. मीं त्यांस म्हटलें, "अहो, जातकशास्त्राची सारी इमारतच या समजुतीवर उभी आहे कीं, जन्मवेळ ही मनुष्याच्या हातची नसून पूर्वकर्मानुसार येते. ती तुम्हींच ठरविणार असाल तर पत्रिका मुलाची होईल कीं तुमच्या इच्छेची?" आणि शास्त्र बाजूला ठेवलें तरी व्यवहार उरतोच. ३९ आठवड्यांपूर्वीं, कळा नसतां काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होऊन काचेच्या पेटींत ठेवण्याची पाळी अधिक वेळां येते. नक्षत्र चांगलें म्हणून फुप्फुसें लवकर परिपक्व होत नाहींत. वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टर अवश्य आधीं काढतील. पंचांग हें तसें कारण नव्हे. गृहस्थ समंजस होते. दिवस डॉक्टरांचा राहिला आणि मुहूर्त बारशाला पाहिला. येथें आणखी एक सूचना करावीशी वाटते: तारीख ठरलेल्या स्त्रियांपैकीं सुमारें दहांत एकीला त्या तारखेपूर्वींच कळा सुरू होतात. तेव्हां तारीख घेतलेल्या घरानेंहि, मध्यरात्रीं कळा आल्या तर काय करावयाचें, हें डॉक्टरांना आधींच विचारून ठेवावें.

सर्वांत शेवटीं, पण सर्वांत महत्त्वाचें : हा निर्णय कोणाचा? घर एकत्र आहे, खर्च एकत्र आहे, आनंद एकत्र आहे. पण देह तिचा एकटीचा आहे. हें केवळ माझें मत नव्हे. २००८ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें एका खटल्यांत असा निर्णय दिला कीं, सज्ञान स्त्री भुलेखालीं असतां तिच्या आईनें दिलेली संमति तिच्या स्वतःच्या संमतीची जागा घेऊं शकत नाहीं; जीव वांचविण्याकरितां तातडीचा उपाय करणें ही गोष्ट वेगळी. जेथें जन्मदात्या आईची संमति पुरेशी ठरली नाहीं, तेथें सासूसासऱ्यांच्या हट्टाला कोठून अधिकार येणार?

आणि तिच्या मताला दोन्ही बाजूंनीं मान असावा. पहिल्या खेपेस बारा-चौदा तास कळा सोसून शेवटीं घाईनें शस्त्रक्रिया झालेली एखादी मुलगी म्हणते, "मला पुन्हां तें नको, मला दिवस ठरवून द्या." ती भित्री नव्हे. दुसरी म्हणते, "मला एकदां प्रयत्न करून पाहावयाचा आहे." ती हट्टी नव्हे. आपण वडील मंडळी बाळंतपणाला परीक्षा समजतों, आणि मग 'नॉर्मल' झालें म्हणजे उत्तीर्ण, शस्त्रक्रिया झाली म्हणजे अनुत्तीर्ण असा शेरा देतों. बारशाला जमलेल्या बायकांत "या वेळींहि सिझरच कां ग?" हा प्रश्न जिनें विचारला ती विसरून जाते, जिला विचारला ती पुष्कळ वर्षें विसरत नाहीं. प्रयत्न करून शेवटीं शस्त्रक्रिया झाली तरी तो पराभव नव्हे. तसें होईल ही शक्यता आधींच मोजलेली होती, चौघींत एकीचें तसें होतेंच, आणि शस्त्रक्रियागृह त्याकरितांच शेजारीं सज्ज ठेविलेलें होतें.

घराच्या वांट्यास मग राहतें काय? पुष्कळ राहतें. सासूबाईंनीं कपाटांतून तो कागद शोधून काढावा. नसेल तर मामंजींनीं रुग्णालयांत जाऊन तिच्या सहीच्या अर्जावर तो आणावा. लोहाच्या गोळ्या वेळेवर घेतल्या जातात कीं नाहीं तें पाहावें. शेवटच्या महिन्यांत थोरल्या मुलाला रात्रीं कोण सांभाळणार, गाडी कोण काढणार, रक्तगट जुळणारा नातलग कोण, हें ठरवून फडताळाच्या दारावर लिहून लावावें. डॉक्टरांकडे तिच्याबरोबर नवऱ्यानें जावें. तिनें विचारावयाचे प्रश्न तिच्या हातानें लिहिलेले असावेत, आणि तीं उत्तरें ऐकत असतां बाकीच्यांनीं मध्यें बोलूं नये. नवव्या महिन्यांत प्रकृति पालटली आणि तिनें आपलें मत बदललें, तर "आधीं तर असें म्हणत होतीस" हें वाक्य कोणीहि उच्चारूं नये.

ज्या घरीं यंदां हा प्रसंग आहे, त्यांनीं हा अंक वाचून झाल्यावर आधीं तें कपाट उघडावें. कागद सांपडला तर त्याची एक प्रत काढून तिच्या पिशवींत ठेवावी, आणि मग तिला विचारावें कीं, बाई, तुझ्या मनांत काय आहे?